आठवी टीम

"आठवी टीम कॉम्प्युटर चालवील. तू चहाचं बघ."

भैया असं म्हणाला. सगळ्यांसमोर. मी खुर्ची ओढून बसले होते. उठले. खुर्ची होती तशी आत सरकवली. आणि वरून हसले.

हसले, हे आधीच सांगून टाकते.

परभणीतल्या एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसते. भैया म्हणजे अध्यक्षांचा मुलगा. बाहेरून शिकून आलेला. त्याचा आणि त्याच्या मित्रांचा एक खेळ असतो. अमेरिकेतले बास्केटबॉलचे खेळाडू आळीपाळीनं निवडायचे, आपापली टीम करायची. टीम नुसती कागदावरची, पण खेळाडू खरे. ते तिकडं मैदानात जसे खेळतील तसे गुण इकडं आपल्या टीमला. निवडीच्या दिवसाला ड्राफ्ट म्हणतात.

मला बास्केटबॉल कळतो. गंगाखेडच्या निवासी शाळेत होते. मैदानात एकच रिंग होती, तिला जाळी नव्हती. दिवाळीनंतर आईबाप ऊस तोडायला जायचे आणि मी त्या रिंगखाली असायचे. जिल्ह्यापर्यंत खेळले. हे भैयाला कुठूनतरी कळलं. म्हणाला, "यादी तयार कर. कुणाला आधी घ्यायचं, कुणाला सोडायचं."

तीन आठवडे मी तेच केलं. ऑफिस सुटल्यावर बसायचे. कोण किती मिनिटं खेळतो, कुणाचा गुडघा दुखावलाय, कुठल्या टीमनं कोच बदललाय. शंभर पानी वही भरली. त्याच दिवसांत कळलं की खेळणाऱ्या आठ जणांतला एकजण दुबईला चाललाय. आठवी टीम रिकामी. भैया एकदा म्हणाला होता, "बघू, तुलाच बसवू."

एवढ्याच शब्दावर मी माझी टीम करून ठेवली. वहीच्या शेवटच्या पानावर. टीमला नावसुद्धा दिलं. ते मी आता सांगणार नाही. लाज वाटते.

ड्राफ्ट रविवारी दुपारी होता, ऑफिसातच. त्याच रविवारी आमच्या गावाहून, राणीसावरगावहून, ऊसतोडीला आमची टोळी निघणार होती. दरवर्षी मी आईला निरोप द्यायला जाते. या वर्षी फोनवर सांगितलं, "ऑफिसचं काम हाय, येता येणार न्हाई." आई म्हणाली, "बरं. काम सोडू नको."

तर मी चहा दिला. मग भैयाच्या मागं वही घेऊन उभी राहिले. त्याची पाळी आली की मी हळूच नाव सांगायचं, त्यानं बटण दाबायचं. प्रत्येक पाळीला दीड मिनिट. पहिली चार नावं मी सांगितली. मित्र म्हणाले, "मानलं यार तुला." भैयानं मान डोलावली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. टेबलावरच होता. भैयानं गमतीनं उचलला आणि स्पीकर लावला.

"बाये, आमी निघायलोत बग. टॅक्टरमंदी बसलोय. तिळाची चटणी मावशीपाशी ठिवलीय, येशील तवा ने."

ट्रॅक्टरचा आवाज. कुणाचं तरी लेकरू रडत होतं. आई मोठ्यानं बोलत होती, ती कायम मोठ्यानंच बोलते.

एकानं विचारलं, "कोण गं ही?"

मी म्हणाले, "राँग नंबर."

"आगं म्या हाय. तुजी आई."

मी फोन कापला.

सगळे हसले. भैयाची पाळी आली होती. त्यानं विचारलं, "पुढं कोण?" आणि मी पाचवं नाव सांगितलं. माझ्या तोंडातून ते नाव नीट, स्पष्ट आलं. आवाज हललासुद्धा नाही. त्यांच्या हसण्यापेक्षा मला हे जास्त लागतं. आजसुद्धा.

मग ज्याची झरीकडं उसाची मोठी बागायत आहे तो म्हणाला, "अरे, मोळ्या बांधणारी टीम बांधायलीय!"

भैया हसत म्हणाला, "म्हणून तर ठेवलीय. कष्टाळू असतात हे लोक. बोल, पुढं कोण?"

मी वही मिटली.

"बोल ना. वेळ चाललाय."

"म्या सांगणार न्हाई."

ऑफिसात मी जपून बोलते. 'मी', 'नाही', सगळं शहरातल्यासारखं. त्या वेळी तोंडातून घरचं निघालं.

"काय म्हणालीस?"

"ही यादी म्या केलीय. टीम मला द्यायची नसंल तर नावं बी न्हाई."

पडद्यावर आकडे उतरत होते. भैयाला स्वतःहून एक नाव सुचलं नाही. वेळ संपली आणि कॉम्प्युटरनं त्याच्यासाठी निवड केली, पाय मोडून वर्षभर घरी बसलेला खेळाडू. मला माहीत होतं. मी बोलले नाही. वही काखेत घेतली आणि निघाले.

आईचा फोन लागला तो दुसऱ्या दिवशी.

"रेंज नव्हती का गं?" तिनंच विचारलं. सुटायला वाट करून दिली होती तिनं.

"न्हाई आई. तुजा आवाज वळखला म्या. वळखला म्हणूनच तसं म्हणले."



"मला वाटलंच," म्हणाली. मग, "गाडी भरायला बोलवायलेत. ठिवते."

तिनं माफ केलं का, मला माहीत नाही. विचारायचं तोंड नाही.

त्याच दिवशी, सोमवारी, मला कॉम्प्युटरवरून काढून टपालाच्या टेबलावर बसवलं. तिथल्या बाईंनी सहज विचारलं, "घरचे काय करतात?" इतकी वर्षं मी सांगत आले होते, शेती.

"ऊस तोडतात," मी म्हणाले. आजूबाजूच्या चार टेबलांना ऐकू जाईल असं.

दुपारी भैयानं शिपायाकडून निरोप पाठवला, वही दे. दिली नाही. उद्या नोकरी गेली तरी देणार नाही. जिथं माझं नाव लागत नाही, तिथं माझी अक्कल लागणार नाही.