येसूवयनीची पंगत

आमच्या लॉजवर पाहुणे उतरले की रिक्षातलं सामान खाली यायच्या आत येसूवयनी पदराला हात पुशीत स्वयंपाकघरातून बाहेर यायची. पाहुण्यांबरोबर लहान मूल असलं तर तिचं माझ्याकडे लक्ष नसायचं, पाहुण्यांकडेही बेताचंच. ती त्या मुलाला नीट न्याहाळायची आणि बरोबरच्या मोठ्या माणसाला विचारायची, "चेडवाक काटे काढूक येतत?" पुण्या-कोल्हापूरची माणसं गोंधळून माझ्या तोंडाकडे बघायची. मग मी दुभाष्या व्हायचो. "मुलीला माशाचे काटे काढता येतात का, असं विचारतायत." त्यावर आई म्हणायची, "छे हो, मीच काढून देते," किंवा बाप कौतुकाने सांगायचा, "सुरमई तेवढी खाते, बाकी कशाला हात लावत नाही." एवढं ऐकलं की वयनी मान हलवून आत जायची.

नात्याने ती माझी कोणी नव्हे. तिचा नवरा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि वाडीत एवढं नातं पुरतं. बँकेतली नोकरी सोडून मी १९९८ साली देवबागला आठ खोल्यांचा लॉज काढला, तेव्हा घरचे मला वेड्यात काढत होते. मासा शिजवणारी बाई काही टिकेना. २००१ साली वयनी आली आणि लॉज तिने ताब्यात घेतला असं म्हटलं तरी चालेल. त्याआधी वीस वर्षं ती मालवणच्या बाजारात मासळी विकायला बसायची. तो आवाज आणि ती नजर घेऊनच ती माझ्याकडे आली. "गिरायक मासो बघता, मी गिरायकाक बघतंय," असं ती म्हणायची, आणि कोण पैसे बुडवणार, कोण जेवणाला नावं ठेवणार, हे ती अंगणातच सांगायची. बहुतेक वेळा खरं ठरायचं, त्यामुळे माझा जास्तच जळफळाट व्हायचा.

तिने आल्या आल्या एक नियम केला. पोरांची पंगत आधी, आणि ती स्वयंपाकघरात. जमिनीवर पाट मांडायचे, मुलांनी जेवायचं, मोठ्यांनी त्या वेळी आत यायचं नाही. मुलांचं ताट खोलीत जायचं नाही म्हणजे नाही. आमच्याकडे घरोघरी पोरांना आधी जेवू घालतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. पाहुण्यांना मात्र वाटायचं. एका बाईंनी तक्रार केली, तर वयनी मला म्हणाली, "गिरायक तुमचा, पोर माजा." अर्ध्या तासात त्या बाईंचा मुलगा दोन पोळ्या जास्त खाऊन हसत बाहेर आला आणि तक्रार तिथेच मिटली.

काट्याची चौकशी मला काट्यापुरतीच वाटत होती. खरं कारण तिने वर्षभराने सांगितलं, तेही भांडी आवरता आवरता. "भावजी, पोराक काय चलता ता ज्येका म्हायत नाय, तेचा ता पोर नसता." मी हसलो. म्हटलं, वयनी, तुमी पोलिसात जावक होया होतास. ती हसली नाही. "हाटेलात कोण कोणाक घेवन येता, ता कोण इचारता? पोराक तर कोणच इचारना नाय," एवढं म्हणून ती पातेलं घासत राहिली.

आणि मग २००४च्या मे महिन्यात ती चुकली. चुकली म्हणजे अशी की माझी मान शरमेने खाली गेली.

मुंबईचे एक गृहस्थ सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले. दोघंच. वयनीने नेहमीचा प्रश्न विचारला. ते गडबडले आणि म्हणाले, "मला... माहीत नाही." मुलीचे ओठ थरथरायला लागले. वयनीने तिचा हात धरला, आत नेलं, आणि "तुजी आवस खंय आसा गो?" म्हणून आईची चौकशी केली. त्याबरोबर मुलगी जी रडायला लागली ती थांबेचना. वयनीने आतून कडी घातली आणि खिडकीतून मला ओरडून सांगितलं, "भावजी, पोलिसांका फोन करा!" बाहेर तो माणूस दारावर हात आपटतोय, "माझी मुलगी आहे ती!" आणि मी मध्ये फोन हातात घेऊन उभा. शेवटी केला फोन.

पोलीस आले, कागद पाहिले, मुलीच्या आजीशी फोनवर बोलले. तो बापच होता. व्यापारी बोटीवर नोकरीला. बायको फेब्रुवारीत गेली, तेव्हा तो समुद्रात होता आणि घरी पोचला तो बाराव्या दिवशी. मुलीला काटे आई काढून द्यायची. वर्षातले आठ महिने बाहेर असणाऱ्या बापाला ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मुलीला समुद्र दाखवावा म्हणून तो तिला देवबागला घेऊन आला होता आणि आम्ही त्याला दारात चोर ठरवला.

वयनी कडी काढून बाहेर आली. तिने हात जोडले. "माजा चुकला. तुमका राग इलो तो बरोबर आसा." मला वाटलं, संपलं. पण ती वयनी होती. ती पुढे म्हणाली, "पण फुडे खंयच्याय हाटेलात गेलास आणि थंय कोणी चेडवाबद्दल इचारल्यान नाय, तर थंय रवू नकात." त्या माणसाने मुलीला उचललं आणि खोलीत गेला.

सकाळी तो लॉज सोडणार म्हणून मी बिल मांडून बसलो होतो. तो आला तो थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. म्हणाला, "मला शिकवाल का, काटे काढायला?" त्या दुपारी पोरांच्या पंगतीत एक मोठा माणूस बसला, मुलीच्या शेजारच्या पाटावर. सुरमई शिकायला उपयोगाची नाही म्हणून वयनीने त्याला बारीक काट्यांचे पेडवे वाढले. त्याने पहिल्या माशाचा चुरा केला. "बोट चलयतास आणि पेडव्याक भियातास?" वयनी म्हणाली आणि मुलगी खुदकन हसली. ते दोघं चार दिवस राहिले.

शेवट गोड झाला तरी माझी भीती गेली नाही. असा माणूस पुन्हा भेटेलच असं थोडंच आहे? दुसऱ्या कोणी कोर्टात खेचलं असतं. मी वयनीला सांगितलं, यापुढे कोणाला काही विचारायचं नाही. आपण लॉज चालवतो, चौकी नाही. ती म्हणाली, "बरा. इचारूचंय नाय. पण पंगत मोडूचंय नाय." तिने शब्द पाळला. पाहुणे आले की ती दारापर्यंत यायची, मुलाकडे बघायची आणि परत आत जायची. मला वाईट वाटायचं, पण सुटल्यासारखंही वाटायचं.

दोन वर्षांनी, भाद्रपदात, लॉज सगळा रिकामा असताना सकाळीच एक माणूस अकरा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. भाची, म्हणाला. तीन दिवस राहणार. त्या दिवसांत तीन दिवसांचं गिऱ्हाईक म्हणजे मला देवच भेटला. दुपारी त्याने दोघांचं जेवण खोलीत मागवलं. वयनी म्हणाली, पोराचं ताट खोलीत जात नाही. तो माझ्याकडे आला. मी वयनीला म्हटलं, एक दिवस जाऊ दे. तिने दोन ताटं वाढली आणि माझ्यासमोर ठेवली. "मी न्हेवचंय नाय. तुमीच घेवन जावा."

रागारागाने मी ताटं घेऊन गेलो. दार अर्धवट उघडलं. त्याच्या मागे मला मुलगी दिसली. खुर्चीवर बसली होती, पायात चपला तशाच, मांडीवर पिशवी, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला. देवबागला आलेलं पोर पाच मिनिटांत समुद्राकडे धावतं, धरून ठेवावं लागतं. ही दोन तास अशीच बसली होती. त्याने ताटाला हात लावला. मी ताट सोडलं नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीही माझ्या मनात आधी ते तीन दिवस आले. मग मी त्याच्या खांद्यावरून मुलीला म्हटलं, "चल गो, खाली जेवूक..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती उठून त्याच्या बगलेतून बाहेर आली होती.

वयनीने तिला पाटावर बसवलं, जेवू दिलं, आणि मग विचारलं. घाटाच्या पायथ्याच्या एका गावातली मुलगी. गोव्यात एका घरी मूल सांभाळायला नेतो म्हणून त्याने तिला आणलं होतं. तो तिचा मामा वगैरे कोणी नव्हता. मी फोन करेपर्यंत तो बॅग टाकून पळाला. संध्याकाळी पोलिसांनी त्याला गोव्याच्या हद्दीवर, बांद्याला धरला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. काजूच्या बागेत राबणारा साधा माणूस, विश्वास ठेवून फसलेला. पोलिसांनी कागद केले, सही झाली, सगळे निघाले. वयनी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "तिका कोणी इचारल्यानी?" ती मुलीजवळ बसली आणि हळू विचारलं, "जातलंस गो बापाशीवांगडा?" सगळे थांबले. मुलीने बापाकडे पाहिलं, बराच वेळ. मग होय म्हणून मान हलवली. तेव्हा वयनी बाजूला झाली.

वयनी २०१०च्या सुरुवातीला गेली, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. त्याआधी काही महिने मी एकदा तिला म्हणालो होतो, वयनी, त्या चेडवाक तुमी वाचवलास. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मी खंय वाचयलंय? ताट तुमी न्हेलास." मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत तिने माझी केलेली ती पहिलीच स्तुती. सूप बाजूला ठेवून ती पुढे म्हणाली, "पण भावजी, माज्या आदी तीन वर्सा लॉज चललो. तेवा ताटां खोलयेतच जायत ना? थंय कोण बघी?"

ती गेल्यावर एका दुपारी मी कपाटातून त्या तीन वर्षांची पाहुण्यांची रजिस्टरं काढली. मोठ्यांची नावं, पत्ते, सह्या, सगळं माझ्याच अक्षरात, नीटनेटकं. पुढे नुसतं 'मूल १'. पुन्हा 'मूल १'. कुठे 'मुले २'. पान पान उलटलं. त्यातल्या एकाही मुलाचं नाव नाही, आणि एकाचाही चेहरा मला आठवत नाही.