सरांचा हिरवा ठिपका

मागच्या मे महिन्यात सावली या आमच्या गावी गेले होते, आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांच्या निरोप समारंभाला. हार-शाल बाकीचे आणणार होते... मी पुण्याच्या माझ्या लॅबमधून लेसर नेला.

सरांनी आम्हाला एक गोष्ट जीव तोडून शिकवली होती. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड लेसर एका खास स्फटिकातून सोडला, की त्याची फ्रिक्वेन्सी दुप्पट होते आणि तो चक्क हिरवा होऊन बाहेर येतो! पण कॉलेजकडे ना तसा लेसर, ना स्फटिक. सरांनी स्वतः ते कधीच पाहिलं नव्हतं. ते रिटायर व्हायच्या आत दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं.

सकाळपासून कॉलेजच्या लॅबमध्ये खटपट सुरू. लेसर तसा इवलासाच, सेमीकंडक्टरचा. सलग पडणाऱ्या मंद प्रकाशाला हा स्फटिक फारशी दाद देत नाही, म्हणून प्रकाशाचे बारीक पण जोरदार झटके, म्हणजे पल्स, सोडायचे. सगळं जागच्या जागी... आणि समोरचा कागद पांढराफटक! आरसे हलवले, लेन्स पुसली, स्फटिक फिरवून पाहिला. हॉलमधून माइकचं ‘हॅलो हॅलो’ ऐकू आलं आणि मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात सर डोकावले. "काऊन वं पोरी, तोंड एवढंसं काऊन झालं?"

सांगता सांगता माझं लक्ष तापमानाच्या मीटरकडे गेलं. हा स्फटिक छत्तीस अंशांवरच नीट काम करतो, म्हणून त्याला हीटर असतो. मीटरवर बेचाळीस! हीटर बंदच होता... खोलीच तेवढी तापली होती. एसीत राहून राहून मी आपल्याकडचा मे महिना विसरले की हो!

सर खो खो हसले. हॉलमध्ये खास त्यांच्यासाठी लावलेला कूलर त्यांनी लॅबमध्ये मागवला. "माह्या तोंडावर हवा कायले पायजे? गरमी त्याले होऊन राह्यली, त्याले द्या!"

आकडा हळूहळू उतरला. एकोणचाळीस... सदतीस... आणि कागदावर हिरवा ठिपका उमटला. आधी फिकट, मग लख्ख.

चष्म्यावर सेफ्टी गॉगल चढवून सर नुसते बघत राहिले.

प्रिन्सिपल बोलवायला आले. "सर, चाला ना, सत्काराले उशीर होऊन राह्यला."

सरांनी नजर हलवली नाही. "सत्कार झाला ना भाऊ माह्या. तुमी भाषणं सुरू करा, मी येतो."

पीएचडीच्या प्रबंधात मी सरांचे आभार छापले होते. ते खरे पोचले त्या दिवशी, त्या तापलेल्या खोलीत...