आमच्या वसंतोत्सवाचं छत

चार माणसं मिळून एखादं काम करायला लागली, की काम चालतं पाच दिवस आणि त्याचे किस्से पुरतात वर्षभर! आमच्या वसंतोत्सवाचं तसंच झालंय. परगावचे लोक विचारतात, "सर, सोलापुरात एवढा मोठा उत्सव वाढला तरी कसा?" मी घसा खाकरून गंभीरपणे काही सांगायला जातो, तेवढ्यात एखादी गंमत आठवते आणि मीच हसत सुटतो. विचारणारा बिचारा उठून जातो. तुम्ही निवांत बसलाय, तर ऐका.

०

महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचो आणि पोतदार मास्तर ड्रॉइंग. मास्तरांच्या डोक्यात आलं, चैत्रात गाणं आणि चित्रं यांचा उत्सव करायचा. आता चैत्रातलं सोलापूर तुम्हाला माहीत आहे. तरी मास्तरांचा हट्ट, की बैठक दुपारी साडेतीनलाच!

"अहो, निदान ऊन उतरल्यावर ठेवा," मी म्हटलं.

"भीमपलास दुपारचा राग. संध्याकाळी ऐकायचा म्हणजे शिळी भाकरी!"

झालं. शाळेचं पटांगण, उघडं आभाळ, गायला गावातलेच एक भजनीबुवा आणि ऐकायला नऊ जण. त्यात मी आणि मास्तर धरून! दहा मिनिटांत बुवा घामानं निथळले. तेवढ्यात साखर पेठेतला नरसय्या नावाचा विणकर डोक्यावर कापडाचं ठाण घेऊन फाटकाशी थांबला. बाजारात निघाला होता. थोडा वेळ ऐकलं, मग सरळ आत आला, ठाण सोडलं आणि एक टोक कडुनिंबाला, दुसरं शाळेच्या खिडकीला बांधून बुवांच्या डोक्यावर सावली केली.

"मास्तर, मानूस गातंय लई ग्वाड, आन् तुमी त्येला उनात भाजताय व्हय!"

आम्ही त्याला अगदी आदरानं पुढे खुर्ची दिली. तो काही खुर्चीवर बसेना. बुवांच्या शेजारी, त्या कापडाखाली, मांडी घालून बसला. "कापड माजं हाय. मी सावलीत बसनार," म्हणाला.

ही आमच्या मंडपाची सुरुवात.

०

दुसऱ्या वर्षी नरसय्यानं सगळ्या गल्लीला सांगितलं. प्रत्येक घरानं एकेक पट्टा विणून आणला. शिंप्यानं ते जोडून एकसंध छत केलं, बांबूंवर ताणलं आणि उत्सवाला डोकं झाकण्यापुरती जागा मिळाली. फक्त एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. जो तो आपापला पट्टा ओळखून बरोबर त्याच्याच खाली बसणार होता!

उद्घाटनाला एक रिटायर्ड मामलेदारसाहेब बोलावले होते. फेटा, चांदीच्या मुठीची काठी, सगळा थाट. त्यांना मधोमध खुर्ची दिली. भाषणाला उभे राहणार, एवढ्यात नरसय्याची आत्या एल्लम्मा समोर येऊन उभी राहिली. घरात त्यांचं सगळं तेलुगूत, तिला मराठी जेमतेम यायचं. तिनं एक बोट वर छताकडे केलं, मग स्वतःकडे केलं, आणि साहेबांना हातानं खूण करत म्हणाली, "ले! ले!"

"काय म्हणतात बाई?" साहेबांनी विचारलं.

"ऊट म्हनत्यात," नरसय्या खाली मान घालून म्हणाला.

ज्यांच्यापुढे अख्खा तालुका उठून उभा राहायचा, ते साहेब उठले! खुर्ची चार हात सरकवली, तर तिथून दुसऱ्या एका आजीनं उठवलं. शेवटी भाषण त्यांनी फाटकातून केलं, उन्हात.

मला वाटलं, हा माणूस आता आमचं तोंड बघणार नाही. पुढच्या वर्षी ते उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आले. काखेत घडी केलेलं स्वतःचं धोतर. "शिंपी कुठं आहे?" म्हणाले. "हे जोडून द्या."

०

गाण्याबरोबर शाळेच्या व्हरांड्यात मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन असायचं. एका चित्रात तलावाच्या पायरीवर लुगडं नेसलेली बाई. मास्तरांनी त्यावर चार महिने घालवले होते. गावातल्या शहाण्यासुरत्या लोकांनी माना डोलावल्या. मग विणकरांच्या बायका आल्या आणि चित्रापुढे उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"काय झालं?" मास्तर कासावीस!

एकजण धीर करून म्हणाली, "गुर्जी, आसला काठ मागावर निगतच न्हाय की!"

मास्तरांनी चित्र उतरवलं. मे महिन्याची अख्खी सुट्टी नरसय्याच्या मागावर बसून काढली, काठ कसा पडतो ते बोटांनी शिकले. पुढच्या वर्षी तेच चित्र नव्या काठानिशी टांगलं. त्याच बायका आल्या. मास्तर लांबून श्वास रोखून बघत होते. बायकांनी काठावरून नजर फिरवली आणि एकमतानं निकाल दिला, "काठ आता बेस झालाय. बाईचं नाक तेवडं नीट करा!"

०

उत्सवाची बातमी तालुक्यात पसरली. एका वर्षी वळसंगहून मल्लप्पा धनगर आला. आपल्या माणसांना घेऊन ढोलावर ओव्या म्हणतो म्हणाला. आणि छताला जोडायला काय आणलं? काळी घोंगडी!

मास्तरांचा चेहराच पडला. पांढऱ्याशुभ्र छतात मधोमध काळं ठिगळ! "मल्लप्पा, शोभा जाते हो," ते काकुळतीनं म्हणाले.

मल्लप्पानं वर बघितलं. "गुर्जी, तुमचं पांडरं कापड ऊन गाळतंय. आमची घोंगडी ऊन खातीया. लावून तर बगा की!"

लावली. दुसऱ्या दिवशी मास्तर वहाणा हरवल्यासारखे मंडपभर फिरत होते. मग दिसेनासे झाले. शोधून बघतो तर गृहस्थ घोंगडीच्या सावलीत, मल्लप्पाच्या मांडीला मांडी लावून बसलेले. मला म्हणाले, "इथून आवाज चांगला येतो."

०

महबूबभाई आमचा तबलजी. पोटासाठी तांगा हाकायचा, सात रस्त्याला त्याचा ठिय्या. एकदा पुण्याहून एक तरुण गवई आले. स्टेशनवर आणायला महबूबभाईच गेला. तांग्यात बसल्यापासून गवयांची तक्रार सुरू, "या गावात तबल्याला कोण असणार? बसवतील एखादा तांगेवाला!"

महबूबभाईनं नुसता घोडा हाकला. शाळेशी उतरवलं, घोडा बांधला, हात-तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला आणि तबला पुढ्यात घेऊन बसला. गवयांनी वळून बघितलं आणि त्यांचा रंगच उडाला.

महबूबभाई अदबीनं म्हणाला, "साब, रस्ते में मैं आपकू संभालके लाया. अब हितं तुम मेरेकू संभालो!"

त्या दिवशी काय सवाल-जवाब रंगले म्हणून सांगू! अंगावर काटा आला होता. परत जाताना गवई मागच्या सीटवर बसेनात. पुढे महबूबभाईच्या शेजारी बसून स्टेशनापर्यंत मात्रा मोजत गेले.

०

आता शेवटचा. हा सांगताना माझा आवाज अजून चढतो, सांभाळून घ्या.

मास्तरांची दहा वर्षांची एकच इच्छा होती. एका खाँसाहेबांचं गाणं या छताखाली व्हावं. नाव सांगत नाही, फार मोठा माणूस. मास्तर दरवर्षी पत्र लिहायचे आणि दरवर्षी नकार यायचा. एकदा तर उत्तर आलं, 'कापडाच्या गावाला माझं गाणं कशाला हवं?' मास्तरांनी ते पत्र कुणाला दाखवलं नाही. फक्त मला दाखवलं, आणि दाखवताना त्यांचे डोळे भरले होते.

त्या वर्षी होकार आला, पण अटीवर. एकच राग गाणार आणि सहाच्या गाडीनं परत जाणार. मैफल मनासारखी रंगली, तरच पुढे गाणार. मास्तर आठ दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. "सर, एक राग गाऊन उठले तर त्यांचं ते पत्र खरं ठरेल हो," एवढंच म्हणत राहायचे.

खाँसाहेब आले. पटांगण फुटेस्तोवर भरलेलं! त्यांनी डोळे मिटले, भीमपलासचा पहिला सूर लावला, आणि काय सांगू, झाडावरचे कावळेसुद्धा गप्प झाले. विलंबित संपून द्रुत सुरू झालं, तेवढ्यात सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं वावटळ उठली. धुळीचा लोट मंडपात घुसला. एक बांबू उखडला, दुसरा, तिसरा. अख्खं छत खाली यायला लागलं!

मास्तरांनी तोंड झाकून घेतलं.

कुणी ओरडलं नाही. कुणी पळालं नाही. माणसं जागच्या जागी उभी राहिली आणि प्रत्येकानं हात वर करून आपापला पट्टा पकडला. एल्लम्मानं, मामलेदारसाहेबांनी, मल्लप्पानं, सगळ्यांनी. शेकडो हातांवर छत तरंगत राहिलं आणि खाली खाँसाहेब मिटल्या डोळ्यांनी गात राहिले. महबूबभाईनं ठेका सोडला नाही.

वावटळ गेली. भीमपलास संपला. खाँसाहेब थांबले.

एक टाळी पडली नाही.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. तंबोरा खाली ठेवायला सांगणार, एवढ्यात त्यांनी डोळे उघडले. समोर अख्खं गाव उभं. धुळीनं माखलेलं, माना ताठ, दोन्ही हात वर.

मास्तर धडपडत पुढे गेले. "खाँसाहेब, माफ करा. हात अडकलेत हो सगळ्यांचे!"

खाँसाहेबांनी वर बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग तंबोरेवाल्याला खूण केली आणि नीट सरसावून बसले.

"मास्टरजी, जब तक ये हाथ नीचे नहीं आते, हम भी नहीं उठते."

मी उभ्या उभ्या रडत होतो. लाज कसली! नरसय्यानं मागे वळून सगळ्या गल्लीला तेलुगूत हाळी दिली, "चेतुलु दिंचकंडी!" म्हणजे, हात खाली घेऊ नका. आणि ते ज्यांना तेलुगू येत नव्हतं, त्यांनाही कळलं.

मुलतानी झाला. पूरिया सुरू झाला. सहाची गाडी शिट्टी देऊन गेली. ऊन उतरलं, सूर्य मावळला, आता सावलीचं काहीच काम उरलं नव्हतं.

एकाचाही हात खाली आला नाही.