चार वाजता अडणारं नेट आणि ऑपरेटर मावशी

ऑपरेटर मावशींची फोन उचलण्याची तऱ्हा निराळी होती. फोन कानाला लावला की दोनतीन सेकंद त्या काही बोलायच्याच नाहीत. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून थकायचा आणि मग सावकाश आवाज यायचा, "बोला, कोण पाहिजे?" स्वतःच्या मुलीचा फोन असला तरी हेच. भंडाऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. आधी परगावचे ट्रंककॉल जोडण्यात, आणि तो जमाना सरल्यावर तक्रारींच्या टेबलावर. ते दोनतीन सेकंद कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "लाइन कशी आहे ते ऐकून घेते."

वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा जन्म. वडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबले, पण मुलीला शाळेतून काढायचं नाही या हट्टावरून हलले नाहीत. वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेली ती पहिली मुलगी. मावशी हे एका वाक्यात सांगायच्या आणि पुढच्या वाक्यात चहाची पावडर कुठली चांगली यावर यायच्या. निवृत्तीनंतर बऱ्याच बायका भजनाला किंवा भिशीला लागतात. मावशी लोकांच्या घरचं मंद वायफाय दुरुस्त करायला लागल्या. आमच्या भागातल्या निम्म्या घरांत त्या वहीपेन घेऊन फिरून आल्या होत्या.

मला त्यांची गरज पडली ती बाबांना लकवा मारला त्या वर्षी. आमचं पितळी भांड्यांचं दुकान आणि मागे लांबट घर. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक. मी पुण्याची नोकरी अंगावर घेऊनच भंडाऱ्याला आले आणि मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला. वर्षभर कसंबसं चाललं. मग कंपनीने माणसं परत बोलवायला सुरुवात केली. माझा मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण माझा चेहरा पडद्यावर गोठायचा, आवाज तुटायचा, आणि त्याला वर उत्तर द्यावं लागायचं. त्याने स्पष्ट सांगितलं की पंधरा दिवसांनी परदेशी ग्राहकाला काम दाखवायचं आहे. त्या दिवशी नेट अडलं तर पुण्याला यावं लागेल, नाहीतर राजीनामा. बाबांना सोडून जाणं शक्यच नव्हतं.

कनेक्शनवाला माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने राउटरजवळ उभं राहून मोबाइलवर वेग मोजला, सगळं ठीक आहे म्हणाला आणि मोठा प्लॅन घ्या असं सुचवून गेला. मी घेणारही होते. शेजारच्या बेकरीवाल्या भाऊंनी अडवलं. "प्लॅन कायले वाढवता? आधी ऑपरेटर मावशीले तं बोलवा."

मावशी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि मला बोलू दिलं. मी म्हणाले, नेट बेकार आहे, दिवसभर अडतं, कंपनी लुबाडते. त्यांनी यातलं काहीच लिहून घेतलं नाही. म्हणाल्या, "लोकं तक्रार नाही सांगत बेटा, वैताग सांगतेत. तक्रार आपल्याले हुडकावी लागते." मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. कुठे बसतेस? कोणत्या वेळी अडतं? त्या वेळी घरात काय चालू असतं? शेवटच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला येईनात. वर्षभर मी त्या नेटला शिव्या दिल्या होत्या, पण त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

राउटर दुकानाच्या काउंटरखाली होता. माझ्या लॅपटॉपला तार लावायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी दुकानातल्या बिलाच्या कॉम्प्युटरला राउटरची तार जोडून वेग मोजला. पुरेपूर आला. "बाहेरची लाइन चांगली आहे. दोष घरात आहे," त्यांनी वहीत लिहिता लिहिता सांगितलं. मग मोबाइल हातात धरून त्या एकेक खोलीत थांबत मागे निघाल्या. दुकान आणि घर यांच्या मधल्या खोलीत आमचा माल असतो. पाण्याचे गुंड, घागरी, पराती, छतापर्यंत रचलेल्या. त्या खोलीच्या अलीकडे वेग चांगला होता आणि पलीकडे जेमतेम दहावा हिस्सा. मावशींनी एका परातीवर बोटाने टिचकी मारली. "याच्यातून हवेतलं नेट जात नाही. पितळेचं दुकान तुह्या आजोबापासूनचं, अन् तू प्लॅन बदलून राहिली."

मालाच्या खोलीपुढे बाबांची खोली. मावशी दारात उभ्या राहून मला काहीतरी आकडा सांगत होत्या, आणि बाबांनी एकदम मान वळवली. लकवा मारल्यापासून त्यांची जीभ जड झाली होती. बोलायचे, पण शब्द ओले होऊन बाहेर पडायचे, मला चारातला एक कळायचा. आता ते तेच तेच काहीतरी म्हणू लागले. मी पाणी आणायला वळले.

मावशी दोनतीन सेकंद गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मुरादाबाद. अर्जंट. होय ना शेटजी?"

बाबा हसले. अर्धाच चेहरा हसला, पण कितीतरी महिन्यांनी हसला. वीस वर्षं बाबा माल मागवायला मुरादाबादला ट्रंककॉल लावायचे आणि तो कॉल या बाई जोडून द्यायच्या. दोघं एकाच गावात राहिले, रोज बोलले आणि एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी त्यांना आवाजावरून ओळखलं होतं.

त्यानंतर बाबा बरंच बोलले आणि मावशी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून ऐकत राहिल्या. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या की बाबांना पलंग फिरवून पाहिजे, दुकानाकडे तोंड करून. रोज सकाळी हेच सांगून राहिले म्हणतात. मी रोज सकाळी त्यांना पाणी देत होते. मला रडू आलं. मावशींनी तिकडे लक्ष दिलं नाही. "आम्हाले कुठं पुरं ऐकू यायचं? खरखर किती राहायची. गाव समजलं की बाकीचं जुळवून घेत होतो. तू घाई करते. त्यायचं वाक्य सरू देत जाय."

काउंटरखाली जादा तार गुंडाळून ठेवलेली होती. ती सोडवून मावशींनी राउटर मालाच्या खोलीच्या पलीकडे, ओसरीत उंचावर लावायला लावला. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर एकाच चॅनेलवर गर्दी करून होते. आमचा त्यांनी मोकळ्या चॅनेलवर नेला. माझ्या खोलीत नेट असं धावू लागलं की मी दिवसभर उगाचच फायली उतरवून पाहिल्या.

पण रोज चारच्या सुमाराला ते पुन्हा अडायचं. आणि ग्राहकाची मीटिंग नेमकी चारची होती.

मावशी तीन दिवस चारला येऊन माझ्या खोलीत बसल्या. दोन मिनिटं नेट मरायचं, परत यायचं, पुन्हा दोन मिनिटं मरायचं. "हे यंत्राचं काम आहे," त्या म्हणाल्या. "माणूस इतका नेमाने काही करत नाही." तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पंखा बंद करायला सांगितला आणि डोळे मिटले. नेट परत आलं त्या क्षणी भिंतीपलीकडून बारीक टिंग ऐकू आलं. पुढच्या वेळीही आलं. मावशींनी डोळे उघडले. "भाऊ पॅटिस गरम करून राहिले."

शाळा सुटायच्या आणि ऑफिसांतल्या चहाच्या वेळी बेकरीत पॅटिसला गर्दी असते, आणि भाऊंचा मायक्रोवेव्ह आमच्या सामाईक भिंतीला टेकून ठेवलेला होता. त्या भट्टीच्या लहरी आणि आमच्या जुन्या राउटरच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या. दुसऱ्या पट्ट्यावर चालणारा राउटर माझ्या खोलीत बसवला की प्रश्न मिटणार होता. तो नागपूरहून मागवला, पण मीटिंगच्या दिवसापर्यंत आला नाही. भट्टी हलवायला बेकरीत दुसरीकडे प्लग नव्हता.

त्या दिवशी पावणेचारला मावशी बेकरीत गेल्या. भट्टीसमोर स्टूल ओढलं, पर्स मांडीवर घेतली आणि बसल्या. भाऊंना सांगितलं की तासभर बटण दाबायचं नाही. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. एका साहेबांनी आवाज चढवला. मावशींनी त्यांना थंड पॅटिस खायला लावलं, असं भाऊ आजही रंगवून सांगतात. इकडे मी पन्नास मिनिटं बोलत होते. चेहरा गोठला नाही, आवाज एकदाही तुटला नाही. ग्राहकाने काम पसंत केलं. मॅनेजर शेवटी एवढंच म्हणाला की तू तिथूनच काम कर, मी वर कळवतो.

मी पळतच बेकरीत गेले. मावशी स्वतःही थंड पॅटिस खात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "लागला कॉल?"

"लागला," मी म्हणाले. भाऊंनी लगेच भट्टीचं बटण दाबलं आणि बेकरीतली सगळी माणसं हसली.

नवा राउटर आला, बसला, चारची कटकट कायमची गेली. मावशींचं येणं मात्र थांबलं नाही. त्या आठवड्यातून दोनदा बाबांकडे यायच्या. दिवाळीच्या मालाची ऑर्डर बाबांनी व्हिडिओ कॉलवर स्वतः दिली. जिथे मुरादाबादच्या व्यापाऱ्याला कळायचं नाही तिथे मावशी हिंदीत सांगायच्या, आणि बाबांच्या मनातला भाव त्या एका आण्यानेही कमी होऊ द्यायच्या नाहीत. कनेक्शनवाला माणूससुद्धा अवघड घर आलं की त्यांना फोन करायला लागला. त्या त्याला आधी वैताग सांगू द्यायच्या.

दोन वर्षांनी त्या मुलीकडे चंद्रपूरला राहायला निघाल्या. एसटी स्टँडवर पोचवायला मीच जाणार होते, पण एव्हाना काठीने चालू लागलेले बाबा हट्टाने ऑटोत बसले. मावशींना खिडकीची जागा मिळाली. गाडी सुरू झाली होती, इंजिनाचा आवाज, शेजारी भोंगा. बाबांनी काठीवर रेलून मान वर केली आणि काहीतरी लांबलचक म्हटलं. शेजारी उभी असूनही मला एक अक्षर कळलं नाही. मावशींनी खिडकीतून वाकून सगळं ऐकलं, मान डोलावली, हसल्या, आणि गाडी निघाली तेव्हा पदराने डोळे टिपत होत्या.

घरी येताना ऑटोत मी विचारलं, बाबा, काय म्हणालात त्यांना?

बाबांनी वेळ घेतला. एकेक शब्द सावकाश मांडला, आणि तो मला स्वच्छ कळला.

"ते तुह्यासाठी नोहोय."