रविवारी उचललेला फोन

त्या रविवारची घटना निवृत्तीनंतरही माझ्या मनातून जात नाही. जालन्याजवळच्या एका कारखान्यात क्रेनवरून लोखंडी सळ्यांचा गठ्ठा सुटला आणि खाली काम करणारा कामगार जागीच ठार झाला. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला. "गठ्ठ्याखाली थांबू नको म्हणून त्याला कितीदा सांगितलं होतं," व्यवस्थापक म्हणाले. शेजारच्या दोन कामगारांनी होकारार्थी मान हलवली. मयताच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाल्याचं दिसतं, असा प्राथमिक अहवाल माझ्या सहीनं गेला.

आठवड्यानं त्याची बायको बदनापूरकडच्या गावातून ठाण्यात आली.

"साहेब, त्यांनी त्या दिवशी सकाळी कंपनीत फोन केल्ता. क्रेनचा ब्रेक धरून न्हाई राह्यला म्हणले. मी भाकरी बांधीत व्हते, बराबर ऐकलं."

"कुणाशी बोलले?"

"ते न्हाई माहीत. साहेब, साहेब म्हणत व्हते."

मयताच्या मोबाईलचा सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, मागवली. कंपनीच्या नंबरवर त्या सकाळी खरंच फोन लागला होता, तीन मिनिटांचा. व्यवस्थापकांना बोलावून जबाब घेतला.

"रविवारी ऑफिसला कुलूप असतं," ते शांतपणे म्हणाले. "फोन लावला की मशीनवरची टेप आपोआप वाजते. तीच ऐकत बसला असेल. मी तर संभाजीनगरला लग्नाला होतो."

लग्नाला ते होतेच, फोटोही दाखवले. पण उत्तरं फार तयार होती. खरं बोलणारा माणूस अडखळतो, आठवून बघतो. अर्थात, तयार उत्तर हा काही पुरावा नव्हे.

टेलिफोनचं मशीन तपासायला मी कारखान्याच्या ऑफिसात गेलो. तिथं मशीनच नव्हतं. फोन घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. व्यवस्थापक बाहेर गेल्यावर त्या हळू आवाजात बोलल्या.

"जुनं मशीन कधीच काढलं, साहेब. आता फोन इंटरनेटवर चालतो, क्लाउड म्हणतात त्याला. गिऱ्हाइकाचा एकही फोन सुटू नये म्हणून घेतलं. ऑफिस बंद असलं की फोन मोठ्या साहेबांच्या, आत्ता बाहेर गेले त्यांच्या, मोबाईलवर जातो, ते कुठल्याबी गावात असू द्या. अन् सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. ते इथं न्हाई राहत, फोन पुरवणाऱ्या कंपनीकडं असतं."

"हे जबाबात द्याल?"

त्यांनी दाराकडं पाहिलं. "नोकरी जाईल माझी," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "घ्या लिहून."

त्याच दिवशी फोन पुरवणाऱ्या कंपनीला पत्र दिलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह रेकॉर्डिंग आलं. चौकशीच्या खोलीत मी ते व्यवस्थापकांसमोर लावलं.

"साहेब, ब्रेक कालपासून सरकून राह्यला. मिस्त्री येईपर्यंत क्रेन बंद ठेवा."

"आज गाडी भरायचीच आहे. तू ये, उद्या बघू."

"जीवाचं काम हे, साहेब."

"यायचं नसेल तर उद्यापासूनही येऊ नको."

मग, "बरं. येतो मंग."

व्यवस्थापकांनी पाणी मागितलं. "एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं," एवढंच ते बोलले. निष्काळजीपणानं मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा त्यांच्यावर नोंदवला. मान हलवणाऱ्या त्या दोन कामगारांनीही मग ब्रेकचं खरं सांगितलं. पुढं खटल्यात शिक्षा झाली.

खटला उभा राहण्याआधी आवाज ओळखण्यासाठी मयताच्या बायकोला पंचांसमोर बोलावणं भाग होतं. शेजारी महिला शिपाई बसवली. बायकोनं शेवटपर्यंत ऐकलं, रडली नाही.

"हे तेच," ती म्हणाली. "साहेब, गावात लोक म्हणून राह्यले, त्याचंच ध्यान नव्हतं. माझ्या लेकीलाबी शाळेत तेच ऐकावं लागतं. तुमच्या कागदावर पण तसंच लिहिलं व्हतं ना?"

"होय," मी म्हणालो. "मीच लिहिलं होतं." चूक त्याची नव्हती, असं लिहून पाठवलेला पुरवणी अहवाल तिला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला.

गिऱ्हाइकांसाठी घेतलेल्या त्या यंत्रणेनं एका कामगाराचा शब्द जपून ठेवला, हे मी नवीन अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो. पण फोन घेणाऱ्या त्या बाई पहिल्या पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशीही त्याच टेबलाशी बसलेल्या होत्या. मी त्यांच्यासमोरून दोनदा गेलो, आणि त्यांना काही विचारावं असं मला वाटलं नाही.