परबांची गूळतुला

या गौरवग्रंथाच्या निमित्ताने मी प्रथम एक जुनी तक्रार नोंदवून घेतो. श्री. दत्ताराम परब यांच्या मुलुंडच्या घरातल्या खुंट्या जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर आहेत. घरमालकांच्या उंचीला त्या शोभतात; पण गेली अठरा वर्षे माझा लांब कोट तिथे टांगला की तो जमीन झाडतो. वहिनींना त्या कोपऱ्यात केरसुणी लागत नसावी, असा माझा संशय आहे.

आमची पहिली भेटही तक्रारीनेच झाली. फक्त तक्रारदार ते होते. आमच्या दैनिकाचे शर्यतींचे बातमीदार आजारी पडले आणि संपादकांनी काव्य-व्याकरण शिकलेल्या मला महालक्ष्मीच्या मैदानावर धाडले. परब तेव्हा लागोपाठच्या मोसमांत पहिल्या क्रमांकाचे जॉकी होते. त्यांचा घोडा पवनवेगाने धावला, असे मी लिहिले. दुसऱ्या दिवशी हे इवलेसे गृहस्थ कचेरीत हजर.

"शास्त्रीबुवा, घोडा दमला होता. मधे त्याला श्वास घेऊ दिला आणि शेवटाला जोर मागितला, त्यानं दिला. वाऱ्याचा काय संबंध?"

त्या दिवसापासून मी वाऱ्याचे नाव घेतलेले नाही.

परबांचे वडील तबेल्यात मोतद्दार होते. घोड्याचा खरारा करणाऱ्याच्या मुलाने घोड्यावर बसणे तेव्हा सोपे नव्हते. बसून तिथे टिकणे त्याहून अवघड. जॉकीला खोगिरासह ठरलेल्या वजनात बसावे लागते. शर्यतीआधी काटा, शर्यतीनंतर पुन्हा काटा. त्या काट्यापायी परबांनी उमेदीची सारी वर्षे अर्धी भाकरी आणि बिनसाखरेचा चहा यांवर काढली. भर उन्हात घोंगड्या पांघरून घाम काढला.

त्यांची सचोटी आम्ही सर्वांनी पाहिली आहे. एकदा एका मालकाने शर्यत हरावी म्हणून घोडा आवरून धरायला सांगितले. घोडा जिंकला आणि परब पुढचा सबंध मोसम घरी बसले. काहीतरी सांगून निभावून न्यायचे होते, असे मी म्हणालो, तर शांतपणे म्हणाले, "मालकाला काहीतरी कारण सांगितलं असतं. घोड्याला काय सांगणार?"

मला विषमज्वर झाला तेव्हा हेच परब रोज सकाळी मुलुंडहून घाटकोपरला येत आणि मला चमच्याने पेज भरवत. मी तोंड फिरवले की घोड्याला चुचकारावे तसे चुचकारत. मला त्याचा राग येई आणि मी पेज गिळत असे. स्वतः मात्र पाण्याचा पेला घेऊन बसत.

आता मुख्य गोष्ट. साठीनिमित्त त्यांचा सत्कार कसा करावा यावर आमच्या समितीत खल चालला होता. रेशन उठून फार दिवस झालेले नाहीत, तेव्हा गूळतुला करावी आणि त्यांच्या वजनाइतका गूळ शाळेत वाटावा, अशी सूचना आली आणि सर्वांनी उचलून धरली. समितीत सगळे पोटभर जेवणारे. ज्या माणसाने आयुष्यभर काट्याचा धसका घेतला त्याला आपण चारचौघांत काट्यावर बसवत आहोत, हे एकाच्याही ध्यानात आले नाही.

आठवड्याभराने वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भावजी, त्यांनी जेवण सोडलंय. दुपारच्या उन्हात घोंगडी घेऊन गच्चीवर बसतात."

मी धावत गेलो. ही शर्यत नव्हे, जितके जड व्हाल तितका मुलांना गूळ जास्त, असे नाना परींनी समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, काट्यावर बसायचं आणि जड निघायचं? माझ्यानं नाही व्हायचं. लोक बघतील."

समितीने तुला रद्द केली. मी स्वतः जाऊन तसे सांगितले. त्यांनी मान डोलावली, माझ्यासमोर दोन घास घेतले आणि मागीलदारी जाऊन ओकून टाकले. डॉक्टर म्हणतात, शरीर जुन्या वळणावर गेले आहे आणि काळजाला आता हे सोसणार नाही. त्यांचे मनगट धरले तर माझी बोटे एकमेकांवर चढतात.

शंभर वर्षे जगा, असे लिहिण्याची रीत आहे. माझे मागणे लहान आहे. परबांनी जेवावे, आणि आमच्यात पुष्कळ वर्षे राहावे. वाचकांपैकी जे त्यांना भेटायला जातील त्यांनी हार नेऊ नये. जेवणाच्या वेळी जावे, ताट मागून घ्यावे आणि त्यांच्या शेजारी बसावे. कोणाच्या शब्दाने घास आत जाईल, सांगता येत नाही. माझ्या शब्दाने गेला नाही.

गूळतुलेची ती सूचना माझी होती. समितीत हे सर्वांना माहीत आहे, परबांना अजून नाही. हे वाचून त्यांना कळले तर ते मला क्षमा करतील, याबद्दल शंका नाही. सत्काराच्या दिवसापर्यंत ते राहतील की नाही, याची मला भीती वाटते.