डावीकडची रिकामी जागा

ठेचा वाढायला काकी कधी चमचा घेत नसे. तीन बोटांनी वाटीतून उचलायची, पानाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायची आणि म्हणायची, "जपून हं!" धाकट्या दिराच्या पानाशी आली की मात्र कंबर सरळ करायची. "पुढं चला." हे मला. मी तिची शेजारीण, भाताची परात घेऊन तिच्यामागे असायचे.

आमच्या मुरुडकडच्या पंगतीला कधी बसला असाल, तर काकीचा ठेचा तुम्ही खाल्लाच असेल. हळद असो, सत्यनारायण असो, ठेचा तिचाच. हिरवी मिरची नि लसूण तव्यावर भाजायची, वर जाडं मीठ, आणि पाट्यावर रगडायचं. दाताखाली मिरची लागली पाहिजे, नाहीतर ती चटणी, असं तिचं म्हणणं. तांदळाच्या भाकरीबरोबर हा ठेचा असला की बाजारात मासळी आली नाही तरी घरात कोणी कुरकुरत नसे.

पाटा तिच्या माहेरचा. बोर्ली पंचतनहून एसटीच्या टपावर टाकून आणलेला. नवरा गेला आणि वर्षाच्या आत दिराने घर वाटून घेतलं. पाटा उचलून आपल्या मोरीपुढे टाकला, पाय धुवायला! वर म्हणतो कसा, "आता कोण वाटतं पाट्यावर? मिक्सर हाय की!" मेल्याला लाज कशी वाटली नाही!

काकी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पाटा आणून दे नि चुकलं म्हण. तोवर माझा ठेचा तुझ्या पानात न्हाय." मग माझ्या पाट्यावर वाटायला यायला लागली.

तुम्ही म्हणाल, ठेचाच तो. पण ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता. तिच्या ठेच्याशिवाय त्याचा घास उतरत नसे. बायकोने मिक्सरमध्ये करून पाहिला, तर मिरचीचं पाणी झालं. पंगतीत बिचारा डावा कोपरा पुसून ठेवायचा.

"वहिनी, मी दिसत न्हाय व्हय?"

"दिसतोस की. पुढं चला."

पंगत हसायची. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू? गार वाटायचं जिवाला.

पण दरवेळी ती वाटीच्या तळाशी थोडा ठेचा राखून ठेवायची. आज म्हणेल, या आशेने. घरी परतताना मला विचारायची, "एक शब्द गं. पाट्याहून जड हाय काय?"

नऊ वर्षं हे चाललं. या वैशाखात दोन दिवसांच्या तापाने काकी गेली.

तेराव्याच्या सकाळी दीर पाटा खांद्यावर घेऊन माझ्या दारात उभा. घासलेला, टाकीचे घाव घालून पुन्हा खरखरीत केलेला. "याच्यावरच वाट," म्हणाला. डोळे लाल होते. तेराव्याला लसूण चालत नाही, असं कोणीतरी बोललं. तिला चालत होता, मी म्हटलं आणि वाटायला बसले. वाटता वाटता रडले, नि मिरचीवर ढकललं.

पंगत बसली. वाटी आता माझ्या हातात, भाताची परात मागच्या बाईकडे. त्याच्या पानाशी आले, तर डावा कोपरा पुसून ठेवलेला.

"वाढ गं. पाटा दिला की मी."

"कोणाला दिलास?"

त्याने पुसलेला कोपरा पुन्हा पुसला. मग हळूच म्हणाला, "चुकलं माझं."

ज्या शब्दासाठी ती नऊ वर्षं वाटीच्या तळाशी ठेचा राखत होती, तो आला. आणि ऐकायला मी! माझी तीन बोटं ठेच्यात होती, चुरचुरत होती.

मी कंबर सरळ केली.

"पुढं चला."